रुखवतातले कापड, पुस्तकातले कापड

२००२ साली, वयाच्या ९० व्या वर्षी, फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार लुईझ बूर्ज्वा यांनी लिननच्या रुमालांचे एक पुस्तक केले. हात पुसायचे हे साधे रुमाल त्यांच्या लग्नातले होते. १९३८ मध्ये रॉबर्ट गोल्डवॉटर या अमेरिकन कला-इतिहासकाराशी लग्न करून त्या पॅरिसहून न्यूयॉर्कला गेल्या. त्या वेळच्या सामानातून उरलेल्या या रुमालांवर ‘एलबीजी’ अशी, म्हणजे सासरच्या आडनावासकट त्यांच्या नावाची आद्याक्षरे भरलेली आहेत. त्या रुमालांची त्यांनी पाने केली, आणि आपल्या जुन्या कपड्यांचे व घरातल्या इतर कापडांचे तुकडे त्यांवर जोडून ३० हून अधिक रचना शिवल्या. पुस्तकाचे फ्रेंच नाव ‘ओद आ लूब्ली’, म्हणजे विस्मृतीचे स्तोत्र. पाने काजे आणि बंदांनी बांधलेली असल्यामुळे ती सोडवून सुटी करता येतात आणि हवी तर पुन्हा बांधता येतात.

या पुस्तकात मजकूर जवळजवळ नाहीच. जे कधी अस्तित्वातच नव्हते त्याची आठवण एकाएकी समोर आली, अशा अर्थाचे एक वाक्य एका पानावर आहे; दडपलेले परत येते, असे सुचवणारे काही शब्द आणखी एका पानावर आहेत. बाकी सगळे पट्टे, चौकटी, एकात एक वर्तुळे, फुलासारखे उमललेले आकार आणि मधूनच अंगावरच्या कपड्याची ओळख पटवणारा एखादा काठ किंवा डाग. बाईचे आत्मचरित्र म्हणून ते उघडणाऱ्याला त्यात ना नवरा सापडत, ना तीन मुलगे, ना वडिलांनी घरातच मुलांच्या शिक्षिकेशी ठेवलेले संबंध, ज्यांच्याविषयी बूर्ज्वा इतरत्र आयुष्यभर बोलत राहिल्या. या अबोलपणामुळेच मला हे पुस्तक त्यांच्या अनेक बोलक्या कामांपेक्षा मोठे वाटते. रुमाल ज्या कामासाठी दिले होते ते काम त्यांच्याकडून न घेता दुसरेच काहीतरी घेतले आहे, आणि ते काय आहे हे सांगण्याची गरज करणारीला वाटलेली नाही.

बूर्ज्वांचे बालपण कापडातच गेले होते. जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचे विणलेले चित्रपडदे, दुरुस्त करण्याचा त्यांच्या आईवडिलांचा व्यवसाय होता. असे पडदे खालच्या कडेला आधी झिजतात, त्यामुळे त्यांवरच्या माणसांचे पाय नाहीसे झालेले असत. ते पाय नव्याने रेखाटून देण्याचे काम लहानपणीच लुईझकडे आले. दुरुस्तीचे काम आई पाहत असे, आणि १९९९ मध्ये बूर्ज्वांनी ‘मामाँ’ नावाचा जो प्रचंड कोळी उभा केला, तो या विणणाऱ्या, सांधणाऱ्या आईचा. रुमालांच्या पुस्तकाच्या वर्षीच त्यांनी बिएव्र नदीवरही एक कापडी पुस्तक केले. त्या नदीच्या पाण्यातला टॅनिन रंगकामाला चांगला म्हणून त्यांच्या कुटुंबाने अँतोनी या गावी तिच्या काठी घर घेतले होते. पुढे त्या आपल्या मुलांना घेऊन नदी दाखवायला गेल्या, तेव्हा नदी दिसेनाशी झाली होती आणि वडिलांनी काठावर लावलेली झाडे तेवढी उरली होती.

२००४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने रुमालांच्या पुस्तकाची २५ प्रतींची आवृत्ती काढली, आणि इथे मी अडखळते. मूळ प्रतीतले कापड अंगावर वापरून विटलेले, धुऊन मऊ झालेले आहे. आवृत्तीसाठी ते सगळे नव्या कापडातून पुन्हा घडवावे लागले: रंगवून, छापून, टाक्याला टाका जुळवून. हे काम ज्यांनी केले त्यांच्या कौशल्याला तोड नाही, आणि त्या आवृत्तीमुळेच हे पुस्तक जगभरच्या संग्रहांपर्यंत पोचले, हेही खरे. तरीही मूळ प्रतीत जो झिजलेपणा वापरातून आला, तो इथे ठरवून आणलेला आहे, हे डोक्यातून जात नाही. कागदी पुस्तकाची दुसरी प्रत तेच पुस्तक असते. कापडी पुस्तकाबद्दल तसे म्हणायला मी धजत नाही.

लग्नातल्या त्या रुमालांकडे पुन्हा वळते, कारण बायकांनी केलेल्या सगळ्याच कापडी पुस्तकांचे मर्म मला त्यांत दिसते. मुलीच्या हाती कापड आणि सुई येते ती बहुतेक वेळा तिचे पुढचे आयुष्य कुणीतरी आखून झाल्यावर. आपल्याकडे रुखवतात मांडलेली तोरणे, टेबलक्लॉथ, मण्यांचे पोपट आणि मॅटीवर क्रॉस स्टिचने भरलेले ‘सुस्वागतम्’ हे सगळे मुलीच्या हातचे म्हणून पाहिले जाते. आणि रुमाल उलटा करून मागच्या गाठी तपासणारी एखादी आत्या किंवा मावशी प्रत्येक लग्नात असतेच. या कापडावर मुलीची परीक्षा होते, तिचे म्हणणे त्यावर कुणी शोधत नाही. कलावंत बायका कापडाची पुस्तके करतात तेव्हा त्या नेमके हेच कापड आणि हेच टाके उचलतात, पण या वेळी काय शिवायचे ते कुणी नेमून दिलेले नसते आणि शेवटी गुणही कुणी देणार नसते.

हे विसाव्या शतकातल्या कलादालनांत सुरू झाले, असे मात्र नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १८३० च्या सुमाराचे एक लिननचे कापड आहे. ते पुस्तक नाही, एकच सलग पान आहे; पण मला विचाराल तर या घराण्याचे मूळ तेच. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात १८१३ मध्ये जन्मलेल्या एलिझाबेथ पार्कर या मोलकरीण मुलीने त्यावर लाल धाग्याने, बारीक क्रॉस स्टिचमध्ये, आपली हकिकत भरली आहे. मला लिहिता येत नाही म्हणून समोरच्या माणसाशी बोलावे तसे हे मी साधेपणाने इथे मांडते, अशी तिची सुरुवात आहे. तेराव्या वर्षी घरकामाला लागल्यापासून मालकांनी कसे वागवले, एका मालकाने जिन्यावरून कसे ढकलून दिले, जीव द्यायचा विचार मनात कसा घोळू लागला आणि तो पापविचार म्हणून ती कशी घाबरली, हे सगळे त्यात येते. नक्षी नाही, किनार नाही, फुले-पक्षी नाहीत, परिच्छेदसुद्धा नाहीत. शेवटी माझ्या आत्म्याचे काय होणार, असे विचारता विचारता वाक्य मध्येच थांबते आणि त्याखालचे कापड कोरे राहते.

त्या काळी इंग्लंडमधल्या गरीब मुलींना शाळेत क्रॉस स्टिचची अक्षरे शिकवत ती साहित्यासाठी नव्हे. मोठ्या घरांतल्या चादरी, अभ्रे, रुमाल यांवर मालकाच्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक घालणे हे मोलकरणीचे काम होते, आणि ते बहुधा लाल धाग्याने होई. म्हणजे दुसऱ्यांच्या कपड्यांवर दुसऱ्यांची नावे घालण्यासाठी जे कौशल्य एलिझाबेथला दिले गेले, तेच वापरून तिने ‘मी’ लिहिले. पुढे तिने जीव दिला नाही. ती शाळेत शिक्षिका झाली, बहिणीच्या मुलीला तिने वाढवले आणि १८८९ पर्यंत जगली. पण कापडावर हे काही नाही, कारण ती त्याच्याकडे परत वळली नाही. मला हे फार समजुतीचे वाटते. भरतकाम अर्धे टाकू नये अशी शिकवण तिलाही मिळालीच असणार.

नेमून दिलेल्या शिवणाचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर आईची नमुना वही येते. १९७० च्या दशकात शिवणाच्या वर्गाला जाणाऱ्या मुली अशा वह्या करत आणि अनेक घरांत त्या अजून माळ्यावर सापडतात. आईची वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, नाडीने बांधलेली फाइल आहे. आत खाकी कागद, आणि प्रत्येक कागदावर मांजरपाटाचा किंवा पॉपलिनचा तुकडा टाचलेला. आधी टाके येतात: धावदोरा, उलटी टीप, हेम, साखळी टाका, काजाचा टाका. मग प्लेटी, चुण्या, हूक आणि आकडा. मग थिगळ आणि रफू, ज्यासाठी चांगल्या कापडाला मुद्दाम भोक पाडलेले आहे. काजांच्या पानावर एकाखाली एक सहा काजे आहेत. पहिल्याच्या टोकाशी दोरा इतका कोंबला आहे की कापडाला मुरड पडली आहे. तिसऱ्यापासून हात बसलेला दिसतो, आणि सहावे इतके नेटके आहे की टाके मोजायला भिंग लागेल. बाजूला लाल शाईत बाईंचा शेरा आहे, ‘काजाचे टोक नीट भरावे’, आणि खाली १० पैकी ७. शेरा पहिल्या काजाबद्दल असावा. सहाव्याबद्दल बाईंनी काही लिहिलेले नाही.

वहीचा उत्तरार्ध मला जास्त अस्वस्थ करतो. तिथे पाव मापाचे कपडे आहेत: झबले, टोपडे, लंगोट, दुपटे, मग फ्रॉक, परकर, ब्लाउज, उशीचा अभ्रा, आणि सर्वांत शेवटी पुरुषाचा लेंगा. वीतभर झबल्याला खऱ्या झबल्यासारखेच बंद आहेत. विशीसुद्धा न गाठलेल्या, लग्न न झालेल्या मुलीने ही पाने शिवली, आणि त्यांचा क्रम म्हणजे तिच्यासाठी योजलेल्या आयुष्याची अनुक्रमणिका आहे. त्या क्रमात तिच्या स्वतःच्या अंगाचा कपडा एखादाच. आईला यात वावगे काही वाटत नाही. तिच्या मते या वहीने तिला घरबसल्या चार पैसे मिळवून दिले, आणि तेही तितकेच खरे आहे. ब्लाउजचे पान सर्वांत मळलेले आहे, कारण पुढे कितीतरी वर्षे गिऱ्हाइकांचे ब्लाउज बेतताना ती तेच उघडत असे. कलावंताने ठरवून केलेले पुस्तक आणि ही वही यांत फरक आहे, तो मी पुसू पाहत नाही. पण हा प्रकार आपल्याकडे परका आहे असे कुणी म्हणाले की मी ही वही पुढे करते.

इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या मारिया लाई (१९१९–२०१३) यांची शिवलेली पुस्तके अगदी दुसऱ्या टोकाची आहेत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी ती केली. लहानपणी आजी चादरी रफू करायला बसली की त्या टाक्यांत आपण गोष्टी वाचत असू, असे त्या सांगत. त्यांच्या पुस्तकांच्या पानांवर काळ्या धाग्याच्या ओळी आहेत: समास सोडलेला, परिच्छेद पाडलेले, एखादी ओळ मध्येच तुटलेली. लांबून पाहिले तर दाट मजकूर वाटतो, आणि जवळ गेले तर एकही अक्षर लागत नाही. ओळी संपतात तिथे धागे कापलेले नाहीत. ते पानाबाहेर लोंबतात, एकमेकांत गुंततात, पान उलटताना दुसऱ्या पानात शिरतात. नीटनेटक्या भरतकामात जे मागे लपवायचे ते त्यांनी पुढे आणले. आजीच्या रफूला गुण देणारे कुणी नव्हते आणि ते कुणी वाचतही नव्हते. लाईंनी त्या न वाचलेल्या कामालाच मजकुराचा दर्जा दिला, आणि तो मजकूर काय आहे हे न सांगून तो आजीचाच राहू दिला.

याच लाईंनी ८ सप्टेंबर १९८१ रोजी उलासाई या आपल्या गावात २७ किलोमीटर लांबीची निळी कापडी पट्टी घरोघर फिरवून शेवटी गावामागच्या डोंगराला बांधली. गावाने युद्धस्मारक मागितले होते. त्यांनी हे केले. दोन घरांत वैर असेल तर पट्टी दोन दारांमधून सरळ जायची, मैत्री असेल तर गाठ मारायची आणि प्रेम असेल तर गाठीत सणाची नक्षीदार भाकर बांधायची, असे गावकऱ्यांशी बोलून ठरले. याला पुस्तक म्हणणे ओढूनताणून होईल. पण गावातली सगळी नाती कापडात उघड मांडण्याला लोक राजी झाले, याचे नवल वाटते.

आपल्या देशात जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने शिवण्याची रीत ठिकठिकाणी आहे, आणि तिच्यातूनही बायकांनी मजकूर काढला. बंगालच्या कांथांसाठी रंगीत दोरा विकत आणत नसत. जुन्या साडीच्या काठातून तो उसवून काढत. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातला मानदासुंदरी नावाच्या बाईचा कांथा आहे. तो आपण स्वतःच्या हाताने करून वडिलांना अर्पण केला, असे तिने त्यावरच टाक्यांत नोंदवले आहे. असंख्य कांथांवर करणारीचे नाव नाही, म्हणून हे नाव वाचताना थबकायला होते. आपल्या गोधडीवर तर अक्षर सहसा नसतेच. तिथे कोणते पातळ कुणाचे हे घरातल्या बायकांनाच ठाऊक, आणि त्या गेल्या की ती माहितीही जाते.

बिहारमधल्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावातली सुजनी मुळात नवजात बाळासाठी जुन्या साड्यांची करायची गोधडी. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या बायकांना संघटित करून हे काम नव्याने उभे राहिले, आणि बाळाच्या दुपट्याच्या त्या कापडावर हुंडा, बालविवाह, मुलीचा गर्भ पाडणे, मुलींचे शिक्षण असे विषय आले. साखळी टाक्याने काढलेली बाह्यरेषा आणि आतबाहेर बारीक धावदोऱ्याने भरलेली जमीन, अशी तिची घडण आहे. २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक मानांकन मिळाले. यातल्या काही सुजन्या पाहताना अंगावर काटा येतो. काही मात्र आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या फलकासारख्या दिसतात, एका कोपऱ्यात वाईट प्रथा आणि दुसऱ्या कोपऱ्यात तिच्यावरचा उपाय. अशा वेळी वाटते की नेमणूक करणारे बदलले, नेमणूक उरलीच. त्यातून बायकांना मिळणारा पैसा आणि मान लक्षात घेऊनही हे म्हणायला हवे. बाईच्या आयुष्यावर सुई चालवायची तर त्यातल्या न सुटलेल्या, न शोभणाऱ्या गोष्टींनाही कापडावर जागा असली पाहिजे.

सध्या इंटरनेटवर कापडी पुस्तकांचा जो सुकाळ आहे, त्याबद्दल माझी तक्रार याच्या उलट बाजूची आहे. नवे कोरे मलमल चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट करायचे, त्यावर लेसचा तुकडा आणि जुने बटण लावायचे, एखादा करड्या रंगातला फोटो छापून घ्यायचा आणि त्याला आजीच्या आठवणी म्हणायचे. हे दिसते सुंदर. पण या आजीने कधी कुणाशी भांडण केलेले नसते, पदराला हात पुसलेला नसतो, आणि तिच्या कापडावरचा डाग चहाचाच असतो तोही मुद्दाम पाडलेला. जुने कापड नसेल तर नवे घ्यावे आणि ते नवेच दिसू द्यावे.

खरे जुने कापड हाताळणे सोपे नाही, हेही मान्य. विरलेल्या सुती पातळाला सुई लागली की धागा तुटत तुटत चीर वाढते, म्हणून मी त्याच्यामागे धुऊन मऊ केलेल्या मलमलीचा थर देते आणि टाके त्या थराला धरून घालते. बक्रम लावले तर पान ताठ राहते खरे, पण कापड कापड राहत नाही. भरतकामाच्या सहा पदरी लडीतले दोनच पदर घ्यावेत. जास्त घेतले तर जुन्या विणीला ओझे होते. दुसरी अडचण बांधणीची. पानाचा मधला भाग टाक्यांनी आणि तुकड्यांनी फुगतो, शिवणीची कड मात्र पातळ राहते, आणि पुस्तक मिटेनासे होते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पानाच्या शिवणीकडच्या कडेला कापडाचीच दुहेरी पट्टी घालून जाडी सारखी करतात. फेविकॉल शक्यतो टाळावा, कारण तो वाळला की कडक होतो आणि पुढे तिथेच कापड तुटते. या सगळ्या खटाटोपानंतर बूर्ज्वांनी काजे आणि बंद का निवडले असतील ते मला पटले: पान फुगले तर बंद सैल करता येतात, आणि एखादे पान नकोसे झाले तर बाकीचे पुस्तक न उसवता ते काढता येते.

मागच्या बाजूचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक पानाला येतो. दोन पाने पाठीला पाठ लावून शिवली की गाठी झाकल्या जातात. इरकल लुगड्यांवरच्या कशिद्यासारखे, म्हणजे कर्नाटकातल्या कसूतीसारखे, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे बिनगाठीचे काम करणे हा दुसरा मार्ग. त्याला अफाट संयम लागतो आणि तो माझ्याकडे नाही. मी हल्ली मागची बाजू उघडीच ठेवते. पाहणारे हमखास आधी तीच पाहतात.

ग्रंथालयांना शिवणाच्या नमुना वह्या पुस्तके वाटत नाहीत आणि संग्रहालयांना त्या कला वाटत नाहीत, त्यामुळे त्या घरोघरीच राहणार आणि घर बदलताना रद्दीत जाणार. कुणाकडे अशी वही असेल तर आधी तिच्यातल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढा. गंजाचा डाग धुऊन जात नाही आणि काही वर्षांत त्या जागी भोक पडते. काढलेल्या तुकड्याला सुती दोऱ्याचे दोन सैल टाके घालून तो जागेवर ठेवा. इस्त्री करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत बुरशी येतेच, म्हणून जुन्या धुतलेल्या सुती पातळात गुंडाळून आडवी ठेवा, आणि कसर लागली आहे का ते पाहण्यासाठी वर्षातून एकदा उघडा. करणारी हयात असेल तर तिला बाजूला बसवून एकेका पानाबद्दल विचारा, कापड कुठून आणले होते इथपासून. फोटो काढाल तेव्हा प्रत्येक तुकडा उलटून मागच्या बाजूचाही घ्या.